दुसऱ्या पानावरची ओळ

आमच्या ऑफिसात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. फॉर्मबाई, एवढंच. वाहन परवान्याच्या लांबट हॉलमध्ये सात खिडक्या होत्या आणि चार नंबरच्या खिडकीमागे त्या बावीस वर्षं बसल्या. मी पाच नंबरला. आमच्यामध्ये प्लायवूडची खांद्याएवढी फळी होती. तिच्यावरून पंचिंग मशीन, गोंदाची बाटली आणि ऑफिसातल्या सगळ्या बातम्या इकडून तिकडे जात.

उलटा फॉर्म वाचण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. समोरचा माणूस काउंटरवर कागद ठेवून लिहीत असायचा आणि यांना पलीकडून, अक्षरं डोक्यावर उभी असताना, त्याची चूक दिसायची. "जन्मतारखेत आजची तारीख टाकलीत. पाळण्यातून गाडी चालवायला निघालात का?" माणूस हसायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. फॉर्म परत पाठवणं त्यांना कमीपणाचं वाटे. एखादा माणूस एका चुकीसाठी दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिला तर त्या दिवसभर चिडचिड करायच्या, स्वतःवरच.

घरी नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मागे स्वयंपाकघर, वर माळ्यावर मुलीची खोली. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. साधं, धड चाललेलं घर.

एका वर्षी विद्यापीठातून एक बाई आल्या. तिशीतल्या, खांद्याला जड पिशवी, बोलणं हळू. माणसं निर्णय कशी घेतात यावर त्या प्रयोग करत होत्या. आमच्याकडे त्यांना 'प्रयोगवाल्या मॅडम' हे नाव दुसऱ्याच दिवशी पडलं. परवान्याच्या फॉर्मच्या दुसऱ्या पानावर, अगदी खाली, एक प्रश्न असे: आपण मेल्यावर आपले अवयव दुसऱ्या कोणाला द्यायचे का? द्यायचे असतील तर चौकटीत खूण करा. मॅडमनी दुसरा एक फॉर्म तयार केला. बाकी सगळं तेच, फक्त ती ओळ उलटी. अवयवदान नको असेल तर खूण करा. खाली बारीक अक्षरात: खूण नसल्यास संमती आहे असे समजले जाईल. जुना फॉर्म पांढऱ्या कागदावर, नवा बदामी. विषम तारखेला पांढरा द्यायचा, सम तारखेला बदामी. आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

"इतक्यानं काय फरक पडणार?" फॉर्मबाई म्हणाल्या. "ज्याला द्यायचं तो देणारच. ज्याला नाही तो नाही."

"बघू या," मॅडम म्हणाल्या.

मॅडमच्या कच्च्या मसुद्यात ती ओळ अशी होती: 'मरणोत्तर अवयवदानास अर्जदाराची असंमती असल्यास तसे दर्शविण्याकरिता समोरील चौकटीत खूण करावी.' फॉर्मबाईंनी ती दोनदा वाचली आणि पेन्सिल घेतली. "हे वाचेपर्यंत माणूस आपोआपच मरेल," म्हणाल्या आणि वर लिहिलं: 'अवयवदान नको असेल तर इथे खूण करा.' मॅडमना ते फार आवडलं. तीच ओळ छापली गेली. तो नमुन्याचा कागद फॉर्मबाईंनी काउंटरच्या काचेखाली ठेवला होता. कोणी विचारलं तर सांगायच्या, "ही माझी ओळ."

तीन महिने प्रयोग चालला. आकडे आले तेव्हा आमचा कोणाचा विश्वास बसेना. पांढऱ्या फॉर्मवर शंभरात एकोणीस जण तयार. बदामीवर त्र्याऐंशी. तेच शहर, तीच रांग, तशीच माणसं.

त्याहून मजा पुढे होती. फॉर्म देऊन बाहेर पडणाऱ्यांना मॅडमची एक विद्यार्थिनी दारात गाठून विचारायची, तुम्ही असं का ठरवलंत? बदामीवाले सांगायचे, आपण गेल्यावर दुसऱ्याच्या उपयोगी पडावं, मी नेहमीच असा विचार करतो. पांढरेवाले म्हणायचे, दवाखान्यांवर माझा भरवसा नाही, मी आधीपासून ठाम आहे. प्रत्येकाकडे कारण होतं. फॉर्मबाई ती उत्तरं मला फळीवरून वाचून दाखवायच्या आणि हसून हसून डोळे पुसायच्या. एका गृहस्थांनी तर चौकट पाहिलीच नव्हती. कारण मात्र त्यांनी चांगलं पाच मिनिटं सांगितलं.

"माणूस दाराजवळच्या खुर्चीत बसतो, कारण ती दाराजवळ असते," मॅडमनी आम्हाला समजावलं. "मग विचारलं की म्हणतो, मला इथली हवा आवडते. आणि तो खोटं बोलत नसतो. त्याला तसं खरंच वाटत असतं."

फॉर्मबाईंना या सगळ्याचा नादच लागला. नवरा रक्तदाबाची गोळी घ्यायला विसरायचा. त्यांनी डबी शिलाई मशीनच्या चाकाला अडकवली. डबी काढल्याशिवाय चाक फिरेना. गोळ्या सुरू झाल्या. मुलगी म्हणायची, "आईच्या प्रयोगशाळेत आपण दोन उंदीर."

दोन-चार महिन्यांत वरून आदेश आला. सगळ्या ऑफिसांत बदामी फॉर्म कायम. त्या दिवशी चावीकाकांनी फॉर्मबाईंना सगळ्यांच्या आधी चहा आणून दिला. चावीकाका आमचे शिपाई. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की ते येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. त्यांच्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा ते तिला डायलिसिसला नेत, आणि किडनीसाठीच्या यादीत तिचं नाव लागून दोन वर्षं झाली होती. त्यांनी कप ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या ओळीनं आमची रांग हलेल बघा."

फॉर्मबाईंच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ असावा.

*

पुढे दोन वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी, काचवाले आले.

खिडक्यांना काचा बसवून देण्याचं त्यांचं दुकान होतं. साठीला आलेले, हाताच्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा, जुन्या जखमांच्या. ते स्वतःचा परवाना वाढवून घ्यायला आले होते. फॉर्म घेऊन बाजूच्या उभ्या टेबलाशी गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मग रांग न लावता सरळ चार नंबरवर आले. दुसरं पान उघडून त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, हा फॉर्म कधीपासून असा आहे?"

"झाली दोन वर्षं."

"मागच्या वर्षी माझ्या मुलानं परवाना काढला. त्यालाही हाच मिळाला असेल?"

"हो. हाच."

मागचा माणूस पुढे सरकू लागला तसं फॉर्मबाईंनी त्याला हातानं थांबवलं. माणूस कशासाठी आलाय हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"मुलगा चार महिन्यांपूर्वी गेला," काचवाले म्हणाले. "अपघातात. डॉक्टर म्हणाले, मेंदू गेलाय, मशीन फक्त श्वास चालवतंय. मग दवाखान्यातली एक बाई आली, चांगली होती, आमच्यापाशी बसली. म्हणाली, तुमच्या मुलानं अवयवदानाला संमती देऊन ठेवलीय, नोंद आहे. त्याची आई तयार नव्हती. मग आईच म्हणाली, त्याचीच इच्छा असेल तर आपण कोण अडवणारे. आम्ही सही केली." त्यांनी पुन्हा ओळीवर बोट ठेवलं. "मला एवढंच बघायचंय, त्यानं काय लिहिलं होतं."

असे कागद बाहेरच्या माणसाला दाखवायचे नसतात. फॉर्मबाई उठल्या, चावीकाकांकडून किल्ली घेतली आणि रेकॉर्डरूममध्ये गेल्या. पंधरा मिनिटांनी आल्या. रांग कुरकुरत होती. मी त्यातले काही माझ्याकडे वळवून घेतले. त्यांनी फॉर्म काचेवर ठेवला आणि काचवाल्यांकडे फिरवला.

दुसऱ्या पानावर खाली चौकट कोरी होती. सही तेवढी होती, घाईची, शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलेलं.

"काहीच नाही," काचवाले म्हणाले.

"नाही."

"त्यानं वाचलं तरी होतं का?"

फॉर्मबाईंनी मला नंतर सांगितलं की त्या क्षणी एक वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. हो, त्यानं मला विचारलं होतं, मी समजावून सांगितलं होतं, आणि तो म्हणाला, राहू दे कोरं, माझं आहे ते घेऊ देत. एवढं बोलणं सोपं होतं. त्या माणसाला जन्मभर पुरलं असतं. आणि खोटं कोणाला कधी कळलंही नसतं.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "रोज दीडशे माणसं येतात. बहुतेक वाचत नाहीत."

"मग ठरवलं कोणी?"

काचवाल्यांनी आवाज चढवला नव्हता. ते खरंच विचारत होते, एखादं माप पुन्हा विचारावं तसं. "म्हणजे बघा, त्यानं ठरवलं असेल तर ते त्याचं. मला अभिमान वाटेल. मी ठरवलं असेल तर माझं, ते मी बघून घेईन. पण मी केलं ते त्याचं आहे असं समजून केलं. आणि त्यानं काही केलेलंच नाही."

"ही ओळ मी लिहिली आहे," फॉर्मबाई म्हणाल्या.

त्यांनी ते का सांगितलं, कोण जाणे. काचवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग काचेखालच्या त्या नमुन्याच्या कागदाकडे. स्वतःचा फॉर्म घडी करून खिशात घातला आणि गेले.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फॉर्मबाईंनी काच उचलून तो कागद काढला. फाडला नाही. ड्रॉवरमध्ये सगळ्यात खाली सारला.

घरी गेल्यावर त्यांनी मुलीला विचारलं. मुलीनं मागच्याच वर्षी परवाना काढला होता, आमच्याच ऑफिसात, आईच्या खिडकीवर नको म्हणून सात नंबरला.

"दुसऱ्या पानावर खूण केली होतीस का?"

"कसली खूण?"

"अवयवदानाची."

"तसलं काही होतं का त्यात?"

ज्या मुलीनं दोन वर्षं जेवताना त्या ओळीच्या गोष्टी ऐकल्या होत्या, तिलाच ती फॉर्मवर दिसली नव्हती. नवरा मशीनवरून म्हणाला, "पोरीला रांगेत उभं राहून कंटाळा आला असेल. कोण वाचतं शेवटपर्यंत." फॉर्मबाईंनी मुलीला विचारलं, बरं, आता सांग, तुझं काय मत? मुलीनं चमचा ताटात ठेवला. "माहीत नाही गं," म्हणाली. "आहे तसंच राहू दे." आणि मग आईचा चेहरा पाहून, "असं का बघतेस?"

*

शनिवारी त्या विद्यापीठात गेल्या, मला सोबत घेऊन. मॅडमची खोली लहान होती, खिडकीत कागदांचे गठ्ठे. फॉर्मबाईंनी सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं.

"गेल्या दोन वर्षांत या फॉर्ममुळे किती माणसं वाचली, त्याची यादी माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "नावं नाहीत, पण आकडा आहे. एकतीस."

"मला माहीत आहे ते."

"आणि बाई, पांढरा फॉर्मसुद्धा लोकांच्या वतीनं ठरवतच होता. फक्त उलट्या बाजूनं. त्या फॉर्मवर जे कोरं सोडून गेले, त्यांनी तरी कुठे ठरवलं होतं? कोरी जागा कुठेतरी जाणारच. ती कुठे जावी एवढंच आपल्या हातात असतं."

"मग कोरी सोडूच द्यायची नाही. हो आणि नाही, दोन चौकटी. एक भरल्याशिवाय मी फॉर्म घेणार नाही."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. "ते मी सुचवलं होतं. तुमच्या साहेबांच्या वरच्या साहेबांनी नाकारलं. म्हणाले, रांगा वाढतील. आणि आकडाही खाली येतो. दुसऱ्या एका ठिकाणी करून पाहिलंय आम्ही."

"किती खाली?"

"शंभरात साठच्या आसपास."

सोमवारी फॉर्मबाईंनी खिडकी उघडली आणि पहिल्याच माणसाला म्हणाल्या, "दुसरं पान वाचलंत का? खालचं. नको असेल तरच खूण करायची आहे. कोरं सोडलंत तर हो धरतात. वाचा आणि मग द्या."

आणि मग प्रत्येकालाच.

त्यांना वाटलं होतं, आपण नुसतं विचारू. पण नुसतं विचारणं असं काही नसतंच, हे त्यांना आठ दिवसांत कळलं. हसून विचारलं की लोक हो म्हणत. कोरड्या आवाजात विचारलं की दचकून खूण करून टाकत. 'मेल्यावर' म्हटलं तर हात मागे घेत, 'आपल्या पश्चात' म्हटलं तर मान हलवत. आधी 'द्यायचे' म्हटलं तर एक, आधी 'नको' म्हटलं तर दुसरं. मला हे सगळं फळीपलीकडून ऐकू यायचं. मग त्यांनी वाक्य ठरवून घेतलं, शब्दही बदलायचा नाही; विषम तारखेला 'द्यायचे' आधी, सम तारखेला 'नको' आधी. एक दिवस थकून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मी तोंड उघडलं की त्याचाच फॉर्म होतो गं."

चार नंबरची रांग दाराबाहेर जाऊ लागली. लोक ओरडत. कोणी म्हणे, बाई, सकाळी सकाळी मरणाचं कशाला काढता. कोणी खरंच थांबून विचार करी. एक तरुण बाई पोराला कडेवर घेऊन अर्धा तास त्या टेबलाशी उभी राहिली, मग नवऱ्याला फोन केला, मग 'घरी विचारून येते' म्हणून गेली. चार दिवसांनी फॉर्म घेऊन आली. खूण नव्हती. फॉर्मबाईंनी विचारलं, ठरवून सोडलंय ना? ती म्हणाली, "भांडून सोडलंय."

महिनाअखेरीस चार नंबरचा आकडा अठ्ठावन्न होता. बाकी खिडक्यांचा त्र्याऐंशी. माझ्याही खिडकीचा. हे मी लपवत नाही. मी कागद द्यायची आणि घ्यायची.

चावीकाकांनी चहा आणणं बंद केलं नाही, पण फॉर्मबाईंच्या पुढ्यात कप ठेवताना ते आता थांबत नसत. पूर्वी बायकोची हकिकत सांगत, आज तिला किती वेळ बसवलं, हात किती सुजला. ते सगळं थांबलं. एक दिवस फॉर्मबाईंनीच विचारलं, "काका, काही चुकलं का माझं?"

त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"तुम्ही विचारता त्यात चूक काही नाही," ते म्हणाले. "मीही तेच केलं असतं कदाचित. पण बाई, तुम्ही विचारलंत की माणूस घाबरतो. घाबरून खूण करतो आणि मोकळा होतो. त्याचं काही जात नाही. माझी बायको तेवढी मागे सरकते."

"त्या काचवाल्यांचं काय मग?"

"त्यांचं दुःख मोठं आहे. मी कुठे नाही म्हणतो." किल्ल्यांचा जुडगा त्यांनी उगाच हातात धरला होता. "पण त्यांच्या मुलाच्या दोन किडन्या दोन घरांत चालताहेत ना? त्या घरांना जाऊन विचारा, कोणी ठरवलं म्हणून. त्यांना काही पडलेलं नसेल."

ते गेल्यावर फॉर्मबाईंनी खिडकीवर 'थोड्या वेळात येत आहे'ची पाटी लावली, जे त्या कधी करत नसत. बाथरूममधून आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पाटी काढली. समोरच्या माणसाला म्हणाल्या, "दुसरं पान वाचलंत का?" पण आवाज असा होता की त्या माणसानं विचारलं, "ताई, तुम्हाला बरं नाही का?"

साहेबांनी दोनदा बोलावलं. साहेब वाईट नव्हते. पहिल्यांदा समजावलं, दुसऱ्यांदा कागद पुढे केला. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यानं अर्जातल्या मजकुराबाबत अर्जदाराशी चर्चा करू नये. फॉर्मबाई म्हणाल्या, बावीस वर्षं मी दुसरं काय केलं? जन्मतारीख चुकली की सांगायचं, पत्ता चुकला की सांगायचं. साहेब म्हणाले, "इथे कोणाचं काही चुकत नसतं, बाई. म्हणून बोलायचं नाही."

*

काचवाले तीन महिन्यांनी पुन्हा आले. यावेळी रांगेत उभे राहिले, चार नंबरच्याच, ती सगळ्यात लांब असूनही. त्यांची पाळी आली तेव्हा फॉर्मबाईंनी नेहमीचं वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यावर थांबल्या.

"विचारा," ते म्हणाले. "मी ऐकलंय, तुम्ही हल्ली सगळ्यांना विचारता."

त्यांनी विचारलं. काचवाले उत्तर न देता म्हणाले, "घरी आमचं रोज यावरून होतं. ती म्हणते, त्याला कोणी विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. मी म्हणतो, नसता म्हणाला. त्याला इंजेक्शनचीसुद्धा भीती होती. मग ती रडते. मग मी म्हणतो, बरं, म्हणाला असता. मग ती म्हणते, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोस." मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही खोटं बोलला असतात तरी मला कळलं नसतं."

"माहीत आहे."

"मनात आलं होतं?"

"आलं होतं."

"मग का नाही बोललात?"

"ओळ माझी. वर खोटंही माझंच झालं असतं. मग तुमच्या मुलाचं त्यात काय उरलं असतं?"

काचवाल्यांनी मान हलवली, म्हणजे पटलं असं नाही, ऐकलं असं. "कधीकधी वाटतं, बोलायला हवं होतंत," ते म्हणाले. "तिच्यासाठी तरी."

फॉर्मबाईंनी फॉर्मसाठी हात पुढे केला.

काचवाल्यांनी आपला फॉर्म दिला. मी फळीवरून वाकून पाहिलं. चौकट कोरी होती, आणि तिच्या शेजारी, समासात, काचेवर माप लिहितात तशा मोठ्या सुट्या अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं: 'वाचले आहे.' खाली सही आणि तारीख. कॉम्प्युटरमध्ये समासातलं काही चढवता येत नाही. नोंद झाली ती इतरांसारखीच: संमती.

त्यानंतर पंधरा दिवसांत फॉर्मबाईंची बदली रेकॉर्डरूममध्ये झाली. पगार तोच, काम कमी. तिथे माणूस येत नाही, गठ्ठे येतात. त्यांच्या जागी आलेली मुलगी चटपटीत होती, रांग दोन दिवसांत हॉलमध्ये परत आली. बढती नाही, शिक्षा नाही. कोणी काही म्हटलं नाही. दुपारी मी डबा घेऊन त्यांच्याकडे जायची. त्या जुने फॉर्म तारखेनुसार लावत असायच्या. पांढरे, बदामी. एकदा म्हणाल्या, इथे बसून मी कोऱ्या चौकटी मोजायला लागले होते, मग सोडून दिलं, डोकं फिरायची वेळ आली.

मॅडम दोन-तीनदा भेटायला आल्या. शेवटच्या वेळी त्यांनी सांगितलं की दोन चौकटींचा प्रस्ताव पुन्हा पाठवला आहे. तो अजून कुठेतरी आहे.

चावीकाकांची बायको पुढच्या वर्षी गेली. यादीत तिचा नंबर अकरावा होता. आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. एका खोलीचं घर, भिंतीला लागून पलंग, त्यावरची चादर नीट ओढलेली. काका खुर्चीत बसले होते, कमरेला जुडगा नाही. तो नसताना ते कोणी दुसरेच दिसत होते. फॉर्मबाई स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "काका, मला तुम्ही काही बोललात तरी चालेल."

काकांनी चष्मा काढून पुसला.

"तुमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, बाई," ते म्हणाले. "पण तुमच्यामुळे झालं नाही, असंही मला शपथेवर सांगता येणार नाही. मी खूप दिवस हिशेब लावून पाहिला. लागत नाही."

"माझाही लागत नाही," फॉर्मबाई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंत का. काका म्हणाले, आठवत नाही. त्या उठल्या, ओट्याशी गेल्या, डबे उघडून पाहिले आणि मला म्हणाल्या, जा, खाली दुकानातून दूध घेऊन ये.